पाचशे माणसांचा तांदूळ : शेडमाकेंच्या मुलुखात चार दिवस

माझा भाचा दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्या सामान्य ज्ञानाच्या गाईडमध्ये एक ओळ आहे : 'जंगोम सेना – बाबुराव शेडमाके – १८५७'. एका मार्काचा प्रश्न. ऑगस्टमध्ये घरी आला तेव्हा भाजी निवडता निवडता त्यानं मला विचारलं, "मावशी, सेना काढली म्हणजे नेमकं केलं काय? आमच्या ग्राउंडला हजार पोरं आली तर प्यायच्या पाण्याची सोय होत नाही." मला काही सांगता आलं नाही. मग ठरलं की ऑक्टोबरात त्याच्याच जुन्या गाडीनं तिकडे जायचं आणि २१ तारखेला चंद्रपुरात पोचायचं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुरावांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली होती.

पहिला दिवस : नागपूर – मूल – गडीसुर्ला

भिवापूर, नागभीड, सिंदेवाही करत दहाला मूल गाठलं. रस्त्यात नागभीडला आलूबोंडा आणि तर्री. आलूबोंडा बरा होता, तर्री फार बरी होती. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलेलं. हलकं धान काही ठिकाणी कापून बांधीतच पसरून ठेवलेलं.

मूल म्हणजे भात-गिरण्यांचं गाव. भाच्याच्या मित्राच्या काकांची गिरणी आहे, तिथं चहाला थांबलो. हवेत कोंडा इतका की चहावर साय धरावी तसा तो धरत होता. कशासाठी आलात असं काकांनी विचारलं, तेव्हा भाच्यानं आपला प्रश्न त्यांच्यासमोरही टाकला. सप्टेंबर १८५७ मध्ये मोलमपल्लीच्या जमीनदाराच्या चोवीस वर्षांच्या मुलानं पाचशे पोरं जमवली, ती कशी जमवली असतील?

काकांनी शस्त्रांचं नाव काढलं नाही. कॅल्क्युलेटर ओढला.

"पाचशे मानसं. मानसी तीन पाव तांदूळ धरा, रानात हिंडनारा मानूस आहे, कमी नाही खात. पावनेचार क्विंटल झाला रोजचा. तांदूळ हां, धान नाही. धान धरलं त पावनेसहाच्या वर जाते." मग चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाले, "तेव्हा गिरनी होती का जी? पावनेसहा क्विंटल धान रोज कांडायले किती बाया लागतीन, ते लिवलं हाये का तुमच्या गाईडात?"

मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, बँकेत नोकरी लागायच्या आधी एम. ए. केलंय. हा हिशोब मला कधी सुचला नव्हता याची त्या कोंड्यात बसून लाज वाटली.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबुराव पुल्लेसूर शेडमाके, जन्म १२ मार्च १८३३, किष्टापूर, आजचा अहेरी तालुका. वडील मोलमपल्लीचे राजगोंड जमीनदार. १८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारस न ठेवता वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. जमीनदारांचे जुने अधिकार आक्रसायला लागले. १८५७ची बातमी आली तेव्हा बाबुरावांनी आपल्या जमीनदारीतली गोंड, माडिया पोरं आणि काही रोहिले, म्हणजे पगारी पठाण शिपाई, एकत्र करून जंगोम सेना उभी केली. गोंडीत जंगोम म्हणजे जागृती, असं सांगतात. तारीख २४ सप्टेंबर दिली जाते. पण पहिला मोठा वार झाला ७ मार्च १८५८ रोजी, राजगड परगण्यावर. राजगड मूलच्याच बाजूला.

मधले साडेपाच महिने काय चाललं होतं? पुस्तकांत इथं नुसतं 'सैन्याला प्रशिक्षण दिलं' असं असतं. गिरणीतून बाहेर पडून बांधीतलं कापलेलं धान पाहिलं आणि मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. सप्टेंबरात धान उभं असतं. कापणी, चुरणा (मळणी), घरात धान येईपर्यंत डिसेंबर उजाडतो. त्याच्या आत जवान पोरगं घरातून निघत नाही, कोणीही हाक मारो. मार्चमध्ये कणग्या भरलेल्या, नाले आटलेले, आणि रानात मोहफूल पडायला लागलेलं. हा माझा तर्क आहे, कुठं छापलेला नाही. पण काकांना सांगितला तर ते म्हणाले, "मंग? धान बांधीत ठेवून कोन जाईल लढाले!"

दुपारी गडीसुर्ल्याची टेकडी चढलो. दुपारी चढू नका, ही टीप आताच देऊन टाकते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर तवा ठेवल्यासारखं असतं, पायाखाली मोठाले गोटे आणि वर सावली नाही. राजगडनंतर इंग्रजांची तुकडी मागावर आली, १३ मार्चला नांदगाव-घोसरीला झटापट झाली आणि त्यात इंग्रजांचं बरंच नुकसान झालं. मग सेना या टेकडीवर आली. खालून वेढा पडला तेव्हा वरून गोटे लोटले, हे इथं शेंबडं पोरही सांगतं. आम्हाला एका गुराख्यानं सांगितलं. त्यानं एक मध्यम गोटा पायानं ढकलूनही दाखवला. तो आधी रेंगाळला, मग उडाला, आणि खालच्या झुडपात कुठंतरी एकदम दोन तितर फडफडले. गुराखी म्हणाला, "याले बंदूक कायले पायजे?"

भाचा बराच वेळ खाली बघत उभा होता. त्याला गोळाफेकीत पूर्ण मार्क पडतात. म्हणाला, "मावशी, इथं पन्नास जण पुरतात."

मुक्काम मूलला. जेवायला लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, वांग्याची भाजी आणि वर मूठभर सांबार. पुण्याकडच्या वाचकांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

दुसरा दिवस : मूल – मार्कंडा – घोट – मुलचेरा – अहेरी

हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. मार्कंड्याला तासभर थांबलो. नदी इथं उत्तरेकडे वळते आणि काठावर देवळांचा पुंजका आहे. शिल्पं बघायला खरं तर अख्खा दिवस हवा, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

घोटला मुद्दाम गेलो. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव राजेश्वर राजगोंड हे राजगडनंतर बाबुरावांना येऊन मिळाले. सेनेची बांधणी समजायला हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. पाचशे पोरं आपल्या जमीनदारीतली असतात तोवर ती बाबुरावांची असतात : कोणाचा बाप कोण, कोणाचा मामा कोणत्या गावचा, हे सगळं नेत्याला ठाऊक. दुसरा जमीनदार आपली माणसं घेऊन आला की सेना वाढते, आणि तिला दोन डोकी होतात. या दोघांत बिनसल्याचं कुठं वाचायला मिळत नाही. पण शेवट दोघांचा वेगळा झाला. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले, १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली.

घोटच्या चौकात त्यांच्याबद्दल विचारलं तर पानठेल्यावरच्यानं सरळ सांगितलं, "शेडमाके मालूम आहे जी. हे दुसरे कोन?" फाशी गेलेला लक्षात राहतो.

पुढे मुलचेऱ्याच्या वाटेवर परतीचा पाऊस लागला. लागला म्हणजे कोसळला. एका रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहायला लागलं, गुडघाभरच, पण लाल आणि जोरात. अलीकडे तीन ट्रॅक्टर, दोन फटफट्या आणि आम्ही. पलीकडे एक एसटी. दोन तास कोणी हललं नाही. ट्रॅक्टरवाल्याची धानाची कापणी बांधीतच पडून होती. तो पाण्याकडे न बघता आभाळाकडे बघत शिव्या देत होता, हळू आवाजात, जपासारख्या.

पाणी उतरल्यावर एका बंगाली वस्तीत थांबलो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावं या भागात वसवली आहेत, हे मला माहीत होतं. पण गडचिरोलीच्या जंगलात, ओल्या कपड्यांनिशी, मोहरीच्या तेलातली मच्छी आणि गरम भात आणि वर रसगुल्ला मिळेल, हे डोक्यातच नव्हतं. काकू बंगाली मिसळलेल्या मराठीत सारखं "आणखी घ्या" म्हणत होत्या. दोघांचे मिळून दोनशे रुपयेसुद्धा झाले नाहीत.

टीप : या रस्त्यांवर पेट्रोल चामोर्शीतच भरून घ्या. नेटवर्क सगळीकडे नसतं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि रोकड बाळगा. आधार कार्ड वरच्या खिशात असू द्या, नाक्यांवर पोलीस चौकशी करतात. सौजन्यानं करतात, पण करतात. पोलीस ठाणी, जवान, नाके यांचे फोटो काढू नका. भाच्यानं नाक्यावरच्या शिपायाला भरतीच्या मेरिटबद्दल इतकं विचारलं की शेवटी त्यानंच आम्हाला "निघा आता" म्हटलं.

अहेरीला पोचायला रात्रीचे आठ झाले.

तिसरा दिवस : अहेरी – चिंचगुंडी – किष्टापूर

अहेरीत सकाळी चहाच्या टपरीवर चार भाषा ऐकू येतात : मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण. बाबुरावांनाही तेलुगू येत होतं म्हणतात, आणि इंग्रजी शिकायला त्यांना रायपूरला पाठवलं होतं, असंही सांगतात. इथं उभं राहिलं की हे बढाईचं वाटत नाही. या गावात एका भाषेवर कोणाचंच भागत नाही.

चिंचगुंडी अहेरीहून जवळ आहे. २९ एप्रिल १८५८ रोजी इथल्या टेलिग्राफच्या (तार खात्याच्या) छावणीवर बाबुरावांच्या माणसांनी रात्री हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. आज बघण्यासारखं काही नाही. शेत, शिंदीची झाडं, एक हापशी. पण या हल्ल्यानं गणित बदललं. परगणा लुटणं हा इंग्रजांच्या लेखी दंगा होता. तार तोडणं आणि गोरे मारणं ही निराळी गोष्ट. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं मग नुसती फौज पाठवली नाही. त्यानं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दडपण आणलं.

हे नाव अहेरीत जपून काढावं लागतं. टपरीवर एक निवृत्त गुरुजी भेटले, धोतर, हातात छत्री. मी लक्ष्मीबाईंचं नाव घेताच त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"गद्दार म्हणायचं आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, नाही, समजून घ्यायचं आहे.

"मग असं बघा. बाईमाणूस, जमीनदारी डोक्यावर, शेजारची जमीनदारी बंडात. साहेब विचारतो, तू कोणाकडची? ती काय सांगणार होती?" थोडं थांबून त्यांनीच पुढे म्हटलं, "तरी पण पकडून द्यायला नको होतं. हेही मी म्हणतो."

लक्ष्मीबाईंच्या रोहिल्यांनी बाबुरावांना एकदा भोपालपट्टणमला धरलं होतं, पण ते निसटले. मग १८ सप्टेंबर १८५८ रोजी पुन्हा पकडून क्रिक्टनच्या हवाली केलं. मला यातली एक गोष्ट राहून राहून खुपते. बाबुरावांच्या सेनेत रोहिले होते, आणि त्यांना पकडणारेही रोहिलेच. पगारावर आलेला माणूस पगार देणाऱ्याचा असतो. गावातून आलेली पोरं तशी नव्हती, पण सप्टेंबरात ती होती कुठं? मला कालचा रपटा आठवला. नद्या भरलेल्या, एका गावाचा दुसऱ्या गावाशी संबंध तुटलेला, धान निसवायला आलेलं. मार्चमध्ये धानाच्या ज्या चक्रानं सेना दिली, तेच चक्र फिरून आलं आणि त्यानं ती घरोघर परत नेली. हाही माझाच तर्क. पण दोन तास पाण्यापाशी बसून काढलेला तर्क आहे, टेबलाशी बसून नाही.

दुपारी किष्टापूर. रस्त्यात ज्याला विचारावं तो उलट विचारी, "कोन्तं किष्टापूर जी?" गाडी एकदा चुकीच्या वाटेला जाऊन आली. तेवढ्यात एक सागाच्या पानांची मोळी घेऊन चाललेला मुलगा आपणहून मागच्या सीटवर बसला, "जय सेवा" म्हणाला आणि बोटानं वाट दाखवत राहिला. आपलं गाव आलं तसा उतरून गेला. आमचं गाव अजून दोन मैल पुढे होतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

किष्टापुरात एका आजींच्या अंगणात बसलो. त्यांना मराठी थोडी, आम्हाला गोंडी शून्य. नातू दुभाष्या. आजींनी बाबुरावांची जी गोष्ट सांगितली ती गाईडमधली नव्हती. बाबुरावांनी रानात 'ताडवा' खाल्ला होता, त्यामुळे अंग लोखंडासारखं झालं होतं. फास लावला तर दोर तुटला, पुन्हा लावला, पुन्हा तुटला. ताडवा म्हणजे नक्की काय, हे नातवाला मराठीत सांगता येईना. बांबूत मिळतो, एवढंच म्हणाला. दोर किती वेळा तुटला यावरून आजी आणि शेजारीण यांच्यात गोंडीत वादही झाला. नातू हसत म्हणाला, "आजी तीन म्हनते, ते चार म्हनते."

ओसरीच्या कोपऱ्यात उखळ होतं. लाकडाचं, काठ झिजून एका बाजूला कललेला. बाजूला मुसळ, मधोमध पकडीच्या जागी इतकं गुळगुळीत की उन्हात चमकत होतं. मी गिरणीवाल्या काकांचा प्रश्न नातवामार्फत आजींना विचारला : एक बाई दिवसात किती धान कांडते? आजींनी आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग हसून मुसळच हातात दिलं. मी जेमतेम वीस घाव घातले. भाच्यानं पन्नास घातले आणि दंड चोळत बसला. आजींनी मग आपण बसल्या बसल्या सुपात पाखडून दाखवलं की आमच्या सत्तर घावांत निम्मं धान अजून तुसातच होतं.

आकडा त्यांनी सांगितला नाही. म्हणाल्या, पहाटे उठायचं, घरचं होईस्तोवर कांडायचं. आणि पाहुणे आले तर? "जास्त पहाटे उठायचं."

टीप : या गावांत शिरताना आधी पाटील किंवा सरपंचांना भेटा, विचारल्याशिवाय फोटो नको. पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका. आजींनी आम्हाला वास्त्यांची भाजी आणि भात घातला, पैसे घेतले नाहीत. कोवळ्या बांबूची ती आंबूस भाजी मला आवडली, भाच्याला नाही. पण त्यानं दोनदा घेतली, मुसळ उचलल्यानंतर नाही म्हणायची सोय नव्हती.

चौथा दिवस : अहेरी – आष्टी – चंद्रपूर

पहाटे पाचला निघालो. आलापल्लीच्या सागांमधून धुकं उतरत होतं. पुढे आष्टीपर्यंत खनिजाच्या ट्रकांची रांग आणि लाल चिखल. या रस्त्याला नकाशा सांगेल त्यात दीड तास मिळवा. आष्टीजवळ चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून प्राणहिता सुरू होते. थांबायचं होतं, पण वेळ नव्हता.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत शिरतानाच पिवळे दुपट्टे दिसायला लागले. गडचिरोली, यवतमाळ, तेलंगणापासून माणसं आली होती. तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाशी बाबुरावांना फाशी दिली, तिथं दर्शनासाठी रांग होती. फोन बाहेर जमा. रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, पाठीशी मूल बांधलेलं, हातात पळसाच्या पानात हळद आणि तांदूळ. झाडाशी पोचल्यावर त्यांनी तांदळाचे दाणे खोडाच्या फटीत एकेक करून बसवले, घाई नाही, मागच्या रांगेची पर्वा नाही. पोलीस शिपाई काही बोलला नाही. २००९ साली बाबुरावांचं टपाल तिकीट निघालं तेव्हा मी घेऊन ठेवलं होतं. ते पाकिटातून काढावं असं तिथं वाटलं नाही. फाशी झाली तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. भाचा येत्या जानेवारीत पंचविसाचा होईल.

बाहेर मंडपात जेवण चाललं होतं. चुलाणावर तीन गुंड (मोठाली पातेली) भाताचे, एकाचं झाकण दोघं मिळून काढत होते. भाचा थेट आचाऱ्याकडे गेला. "दादा, तांदूळ किती टाकला?"

"दोन क्विंटल झाला. अजून एक भिजवला आहे."

"किती माणसाचा?"

आचाऱ्यानं घाम पुसला, रांगेकडे बघितलं, आणि हातातला झारा भाच्याच्या हातात दिला. "मोजत बसता का वाढता?"

आम्ही साडेतीनपर्यंत वाढत होतो. नागपूरची गाडी अंधार पडल्यावर काढली.